‘ज्याला’ म्हणजे ‘हूम’ नव्हे : एका नर्सच्या पत्रांचं प्रकरण

‘द पेशंट, हूम हॅज डायबिटीज फॉर टेन इयर्स, वॉज ॲडमिटेड ऑन मंडे.’

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका नर्सच्या पहिल्या पत्रातलं हे पहिलंच वाक्य. मी ‘हूम’भोवती गोल केला, वर ‘हू’ लिहिलं, ‘हॅज’चं ‘हॅज हॅड’ केलं आणि पुढे गेले. दुसऱ्या पत्रात पुन्हा ‘हूम’. पुन्हा गोल. तिसऱ्या पत्रात एकाच परिच्छेदात तीन वेळा ‘हूम’ आलं आणि तिन्ही चूक. तेव्हा मात्र मी पेन खाली ठेवलं. हुशार आणि मेहनती मुलगी तीच चूक त्याच जागी पुन्हा पुन्हा करते, तेव्हा तो निष्काळजीपणा नसतो. तिच्याजवळ काहीतरी नियम असतो आणि ती तो इमानेइतबारे पाळत असते. तो नियम कोणता, हे शोधण्यात माझे तीन आठवडे गेले. त्यातले पहिले दोन मी वाया घालवले, तेही इथे लिहिते, कारण इंग्रजी शिकवणाऱ्या बऱ्याच जणांचे ते तसेच जात असणार.

मी मिरजेत राहते. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्यांत नर्स जास्त. ही मुलगी जत तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा, मग चार वर्षं मेडिसिन वॉर्डात नोकरी. बाहेरदेशी जाण्यासाठी तिला ओईटी द्यायची होती. आरोग्य क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठीची ही इंग्रजीची परीक्षा. त्यात लिखाणाच्या भागात एका पेशंटच्या नोंदी देतात आणि त्यावरून पत्र लिहायला सांगतात : कधी घरी येणाऱ्या नर्सला, कधी फिजिओथेरपिस्टला, कधी दुसऱ्या डॉक्टरला. वेळ ४५ मिनिटं, त्यातली पहिली पाच फक्त वाचायची. पत्राचा मजकूर साधारण १८० ते २०० शब्दांचा.

नोंदी तुटक असतात. वय ७२. मधुमेह १० वर्षं. एकटी राहते. मुलगी पुण्यात. डाव्या पायाला जखम. प्रत्येक तुकड्याचं वेगळं वाक्य केलं तर पत्र पहिलीच्या वाचनपाठासारखं होतं आणि शब्दही पुरत नाहीत. तीन-चार गोष्टी एका वाक्यात ओवायच्या तर विशेषणवाक्य लागतंच, म्हणजे ‘जो’, ‘जी’, ‘ज्याला’ने सुरू होणारा भाग. त्यामुळे ‘हू’, ‘हूम’, ‘हूज’, ‘व्हिच’ यांतला योग्य शब्द निवडणं ही या पत्रात शोभेची गोष्ट राहत नाही. निम्मं पत्र त्यावर उभं असतं.

पहिले दोन आठवडे मी नियम सांगितले. माणसाला ‘हू’, वस्तूला ‘व्हिच’, कर्म असेल तर ‘हूम’, मालकी असेल तर ‘हूज’. मग रिकाम्या जागांचा सराव दिला, वीस वाक्यांचा. तिने वीसच्या वीस बरोबर सोडवली. दुसऱ्या दिवशीच्या पत्रात परत ‘हूम हॅज’. मी जरा चिडूनच म्हटलं, ‘काल तर सगळं बरोबर आलं होतं.’ ती खाली मान घालून म्हणाली, ‘मॅडम, मला येतंय ते. लिहिताना काय होतंय कळत नाही.’

तिचं म्हणणं अगदी खरं होतं. रिकाम्या जागेत वाक्य आधीच इंग्रजीत उभं असतं, आपण फक्त भोक बुजवतो. ‘द मॅन ... लिव्ज नेक्स्ट डोअर’ असं समोर असलं की ‘हू’शिवाय काही सुचतच नाही. पत्रात वाक्य तिचं तिला उभं करायचं होतं आणि ती ते मराठीतून उभं करत होती. माझा सराव त्या कामाला शिवतच नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात मी तिला समोर बसवून सांगितलं, लिहिताना मनात जे येईल ते मोठ्याने बोल. ती लाजली, मग पुटपुटायला लागली. ‘पेशंट... ज्यांना दहा वर्षांपासून शुगर आहे...’ आणि ‘ज्यांना’ म्हणताक्षणी पेनातून ‘हूम’ उतरलं. मी विचारलं, ‘इथे हूम का?’

‘ज्यांना आलं की, मॅडम.’

दुसऱ्या दिवशी तिने शाळेतली वही आणून दाखवली. शेवटच्या पानावर स्केचपेनने आखलेली चौकट. जो : हू. ज्याला : हूम. ज्याचा : हूज. ‘दहावीपासून पाठ आहे,’ ती म्हणाली. इतक्या वर्षांत त्या चौकटीने तिला दगा दिला नव्हता, कारण शाळेतली वाक्यं ‘ज्याला मी पाहिलं तो मुलगा’ या घाटाची असतात. तिथे ‘ज्याला’ खरोखरच कर्म आहे, ‘हूम’ चपखल बसतं. चौकट शिकवणाऱ्यालाही मी दोष देणार नाही. सुरुवातीला हाताशी धरायला तीच सोपी.

पण मराठीत दुखणं माणसाकडे येतं. मला ताप आहे. मला धाप लागते. मला चक्कर येते. मला भूक नाही. मला नीट चालता येत नाही. मला आठवत नाही. यातल्या एकाही वाक्यात ‘मी’ नाही, सगळीकडे ‘मला’. ताप, धाप, चक्कर हे वाक्याचे कर्ते, आणि माणूस ते सोसणारा. इंग्रजीत हाच माणूस वाक्याच्या तोंडाशी कर्ता होऊन बसतो : ‘आय हॅव अ फीव्हर’, ‘आय फील डिझी’, ‘आय कॅनॉट वॉक प्रॉपरली’. म्हणून मराठीतल्या या ‘ज्याला’चं इंग्रजीत जवळजवळ नेहमीच ‘हू’ होतं.

बँकेत काम करणाऱ्या मुलाच्या पत्रात ही चूक क्वचित सापडेल. नर्सच्या पत्रात ती ओळीओळीला येणार, कारण तिचा विषयच मुळी माणसाला काय होतंय हा आहे. हे लक्षात आलं तेव्हा मला त्या तिन्ही पत्रांचा अर्थ लागला. तिची वाक्यं मी एका कागदावर उतरवून काढली :

ज्यांना पेनिसिलिनची ॲलर्जी आहे. तिने लिहिलं होतं ‘हूम इज ॲलर्जिक टू पेनिसिलिन’. हवं होतं ‘हू इज ॲलर्जिक’.

ज्यांना रात्री धाप लागते. तिचं ‘हूम गेट्स ब्रेथलेस’. हवं ‘हू गेट्स ब्रेथलेस’.

ज्यांना आम्ही शुक्रवारी घरी सोडलं. तिचं ‘हूम वी डिस्चार्ज्ड ऑन फ्रायडे’. हे मात्र शंभर टक्के बरोबर.

तिन्ही ठिकाणी मराठीत ‘ज्यांना’च. तिसऱ्यात कोणी सोडलं? आम्ही. पेशंट सोडला गेला, म्हणून तिथे तो कर्म. पहिल्या दोन्हींत त्याच्यावर दुसरं कोणी काहीच करत नाही. प्रत्यय एकच, कामं दोन.

चौकटीच्या तिसऱ्या ओळीनेही घोळ घातला होता. ‘ज्यांचं मंगळवारी ऑपरेशन झालं’ याचं तिने ‘हूज ऑपरेशन वॉज डन ऑन ट्यूजडे’ केलं. व्याकरणात ते बसतं, पण इंग्रजी नर्स असं लिहीत नाही. ती लिहिते ‘हू हॅड सर्जरी ऑन ट्यूजडे’. इथेही मराठीने पेशंटला बाजूला ठेवलं आणि ऑपरेशनला कर्ता केलं, इंग्रजीला पेशंटच कर्ता हवा. ‘ज्या डॉक्टरांनी तपासलं’ हे तर चौकटीत नव्हतंच. ‘ज्यांनी’ हे काही साधं ‘जो’ नव्हे, मग ‘हूम’च असणार, असा अंदाज बांधून तिने ‘द डॉक्टर हूम एक्झामिन्ड हर’ लिहिलं होतं. तपासणारे डॉक्टर, म्हणजे कर्ता तेच. ‘हू’.

आणखी एक गोष्ट माझ्या नजरेतून निसटली होती, ती तिनेच दाखवली. आपण पेशंट आजींबद्दल आदराने बोलतो : ‘ज्या एकट्या राहतात’. क्रियापद अनेकवचनी. त्यातून ‘द पेशंट, हू लिव्ह अलोन’ असं उतरत होतं. ‘हू’ बरोबर, पण त्यामागचं क्रियापद आपल्या आदराने बिघडलेलं. इंग्रजीत ‘हू’ स्वतः एकवचन-अनेकवचन दाखवत नाही, ते आधीच्या नामाकडून घेतं. आजी एक, म्हणून ‘लिव्ज’. तिला मी एवढंच सांगितलं की आदर ‘मिसेस’ आणि ‘प्लीज’मध्ये ठेव, क्रियापदात नको.

उपाय म्हणून आधी ती चौकट काढून टाकायची ठरली. मराठी शब्दावरून इंग्रजी शब्द निवडायचाच नाही. त्याऐवजी दोन पूर्ण इंग्रजी वाक्यं लिहायची, त्यांत सर्वनाम अजिबात नको, नामच दोन्हीकडे लिहायचं :

‘द पेशंट वॉज ॲडमिटेड ऑन मंडे. द पेशंट हॅज हॅड डायबिटीज फॉर टेन इयर्स.’

आता दुसऱ्या वाक्यातल्या ‘द पेशंट’वर बोट ठेवायचं. तो क्रियापदाच्या आधी बसलाय की नंतर? त्याच्या जागी ‘ही’ बसतं की ‘हिम’? ‘ही’ बसलं तर ‘हू’. ‘हिम’ बसलं तर ‘हूम’, दोघांच्या शेवटी एकच ‘म’. ‘हिज’ बसलं तर ‘हूज’. मग तो शब्द काढायचा, त्या जागी सर्वनाम ठेवायचं, ते वाक्याच्या तोंडाशी आणायचं आणि सगळं पहिल्या वाक्यातल्या नामाला नेऊन चिकटवायचं. सुरुवातीला एका वाक्याला तिला दोन-तीन मिनिटं लागायची. परीक्षेत एवढा वेळ कुठला, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, सुई टोचायला शिकलीस तेव्हा पहिल्या दिवशी किती वेळ लागला होता? ती हसली आणि परत लिहायला लागली.

याच पद्धतीने जागेचा प्रश्नही सुटला. ‘द वॉर्ड व्हिच शी वॉज ॲडमिटेड’ असं ती लिहायची. मराठीत ‘ज्या वॉर्डात’. ‘ज्या’च्या शेजारी नाम आहे आणि ‘त’ त्या नामाला चिकटलाय. इंग्रजीत सर्वनाम नामालाच गिळतं, त्याबरोबर तिचा प्रत्ययही गिळला जात होता. दोन वाक्यं केली की तो दिसायला लागतो : ‘शी वॉज ॲडमिटेड टू द वॉर्ड’. म्हणून ‘टू व्हिच’ किंवा सरळ ‘व्हेअर’. पण जागा दिसली की ‘व्हेअर’ ठोकून द्यायचं, असंही नाही. ‘शी व्हिजिटेड द क्लिनिक’ यात मध्ये ‘टू’ नाही, ‘इन’ नाही, म्हणून तिथे ‘द क्लिनिक व्हिच शी व्हिजिटेड’. क्लिनिक जागाच आहे, पण या वाक्यात ते साधं कर्म आहे.

‘व्हिच टॅबलेट्स शी वॉज टेकिंग ॲट होम, दोज आर स्टॉप्ड.’ हे वाक्य वाचून मराठी माणसाला सगळं कळतं, कारण ते शुद्ध मराठी आहे : ज्या गोळ्या ती घरी घेत होती, त्या बंद केल्या. आपला ‘जो’ ‘तो’शिवाय राहत नाही, आणि ‘जो’वालं वाक्य आपण खुशाल आधी ठेवतो. इंग्रजीत नाम आधी, सर्वनाम लगेच त्याच्या मागे, आणि ‘तो’ला जागाच नाही. ‘द टॅबलेट्स व्हिच शी वॉज टेकिंग ॲट होम वेअर स्टॉप्ड.’

या गोळ्यांवरूनच स्वल्पविरामाचा मुद्दा निघाला. या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग मला हाच वाटतो.

नोंदींत होतं की आजी पाच औषधं घेतात. त्यातल्या रक्तदाबाच्या दोन गोळ्यांनी चक्कर येत होती, म्हणून त्या दोन बंद केल्या. तिने लिहिलं : ‘हर टॅबलेट्स, व्हिच कॉज्ड डिझिनेस, वेअर स्टॉप्ड.’ सर्वनाम बरोबर, काळ बरोबर. पण ‘व्हिच’च्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम. त्यामुळे अर्थ असा झाला की आजींच्या सगळ्याच गोळ्यांनी चक्कर येत होती आणि सगळ्याच बंद केल्या, मधुमेहाच्या सुद्धा. हे पत्र ज्या नर्सला जायचं ती आजींच्या घरी जाऊन औषधांचा डबा उघडणार होती. स्वल्पविराम काढले की वाक्य म्हणतं, ज्या गोळ्यांनी चक्कर येत होती तेवढ्याच बंद केल्या. मी हे समजावलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. वॉर्डात चार वर्षं काढलेल्या मुलीला औषधाची चूक म्हणजे काय ते मी सांगायची गरज नव्हती.

मग प्रश्न आला, स्वल्पविराम कधी द्यायचा हे ओळखायचं कसं. इंग्रजी पुस्तकातली व्याख्या तिच्या डोक्यावरून जात होती. इथे मात्र मराठीच कामाला आली. जोडवाक्य अस्सल मराठीत, ‘ज्या’ आधी आणि ‘त्या’ नंतर, असं म्हणून बघायचं. ‘ज्या गोळ्यांनी चक्कर येत होती, त्या बंद केल्या.’ बसलं, आणि हवा तोच अर्थ आला : अनेकांतल्या काही वेगळ्या काढल्या. मग इंग्रजीत स्वल्पविराम नको. आता मुलीचं वाक्य घ्या. ‘जी मुलगी पुण्यात राहते, ती आईला घेऊन जाणार आहे.’ हे ऐकताच आपण विचारतो, आणि दुसरी कुठे असते? नोंदीत मुलगी एकच. म्हणजे हे वाक्य इथे चुकीचं, आणि म्हणून इंग्रजीत स्वल्पविराम हवेच : ‘हर डॉटर, हू लिव्ज इन पुणे, विल टेक हर होम.’ पेशंटचंही तसंच. पत्र एकाच पेशंटबद्दल असतं, तिथे ‘जी पेशंट..., ती पेशंट’ म्हणायची सोयच नाही. म्हणून पहिल्या वाक्यातलं ‘हू हॅज हॅड डायबिटीज’ स्वल्पविरामांतच राहतं.

(‘त्यांची मुलगी, जी पुण्यात राहते, ती...’ अशी मराठी आता बातम्यांत सर्रास वाचायला मिळते. तो इंग्रजीचा साचा आहे, परीक्षा त्याच्यावर घेऊ नये. ‘जी’ आधी आलेलं आपलं जुनं वाक्यच इथे खरं उत्तर देतं.)

‘दॅट’बद्दल फार बोलावं लागलं नाही. स्वल्पविरामांच्या आत ‘दॅट’ चालत नाही, बाहेर माणसालाही चालतं, वस्तूलाही चालतं. स्वल्पविराम नसेल तर ‘व्हिच’ वापरूच नये, ‘दॅट’च वापरावं, अशी वाटणी इंग्रजी वापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलर यांनी १९२६ मध्ये सुचवली होती. अमेरिकी संपादकांनी ती उचलली, ब्रिटनमध्ये ती पूर्ण कधी रुजली नाही. तिला मी सांगितलं, या वादात तू पडू नकोस.

‘हूज’बद्दल मात्र मला भांडावं लागलं, कारण ‘हूज फक्त माणसाला’ हे तिच्या मनात पक्कं बसलेलं. जखमेबद्दल लिहिताना तिने ‘अ वूंड, द एजेस ऑफ व्हिच आर रेड’ असं अवजड वाक्य केलं होतं. ‘अ वूंड हूज एजेस आर रेड’ हे साधं आणि बिनचूक. मराठीत ‘जिच्या कडा लाल आहेत अशी जखम’ म्हणताना आपण जखमेला माणूस मानत नाही, इंग्रजीही ‘हूज’ लिहिताना मानत नाही. इंग्रज कवी मिल्टनच्या १६६७ च्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्यात दुसऱ्याच ओळीत ‘हूज’ येतो, आणि तो एका झाडासाठी.

पाचव्या आठवड्यात पत्रं सुधारली होती. ‘हूम हॅज’ कुठेच नव्हतं. आणि मग हे आलं : ‘हर सन, हूम शी सेज गिव्ज हर द इन्शुलिन.’

या चुकीने मला आनंद झाला, कारण ती नव्या पद्धतीतून आली होती. ‘शी सेज’ हा कर्ता आणि क्रियापद सर्वनामाच्या लगेच मागे दिसल्यावर तिला वाटलं, मुलगा ‘सेज’चं कर्म असणार. नर्सच्या पत्रात ‘पेशंटच्या सांगण्यानुसार’ हे सारखं येतं, त्यामुळे हा खड्डाही तिच्या वाटेवर पुन्हा पुन्हा येणार होता. दोन वाक्यं केली : ‘शी सेज ही गिव्ज हर द इन्शुलिन.’ इथे ‘ही’ आहे, ‘हिम’ नाही. इन्शुलिन देणारा तोच. मधलं ‘शी सेज’ बोटाने झाकलं की उरतं ‘हू गिव्ज हर द इन्शुलिन’. खूप शिकलेली इंग्रज माणसंही इथे चुकतात, हेही मी तिला सांगितलं. शंका असेल आणि आधी ‘टू’, ‘फॉर’, ‘विथ’ असं काही लागून आलेलं नसेल, तर ‘हू’ लिही. आजच्या इंग्रजीत ‘हूम’च्या जागी आलेलं ‘हू’ सहसा खटकत नाही, पण ‘हू’च्या जागी आलेलं ‘हूम’ लगेच नजरेत भरतं.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यातलं तिचं शेवटचं सरावपत्र माझ्याकडे आहे. त्याचं पहिलं वाक्य : ‘मिसेस पाटील, हू हॅज हॅड डायबिटीज फॉर टेन इयर्स अँड हू लिव्ज अलोन, इज बीइंग डिस्चार्ज्ड टुडे इंटू द केअर ऑफ हर डॉटर.’ आजी तीच, नोंदी त्याच, नाव सरावापुरतं घेतलेलं. एक स्वल्पविराम तिने नंतर भरलेला दिसतो, शाई वेगळी आहे.

परीक्षेनंतर ती काही महिने लहान मुलांच्या वॉर्डात होती. एका सकाळी नाइट संपवून तिचा फोन आला. मागे मॉनिटरचा आवाज.

‘मॅडम, बाळाला हू का व्हिच? आपण “जे बाळ” म्हणतो की. मग मला वाटलं, व्हिच.’

पुन्हा मराठीच, या वेळी नपुंसकलिंगातून. तिला मी सांगितलं की इंग्रजीतही ‘व्हिच’ पूर्वी माणसाला चालायचं, १६११ च्या बायबलमधल्या प्रार्थनेत देवालाच ‘अवर फादर व्हिच आर्ट इन हेवन’ म्हटलंय. पण आज, वॉर्डात, केस पेपरवर, बाळ एक दिवसाचं असलं तरी ‘हू’.

‘मग लिहिते,’ ती म्हणाली, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, ‘द बेबी, हू वेज टू पॉइंट वन किलोग्राम्स...’ मध्येच थांबली. ‘वॉर्डात बाळ एकच आहे आज. स्वल्पविराम देते.’